रिंगा एका रात्रीत जात नाहीत

रेडिओवरून धूर दाखवता येत नाही, त्याचा वासही पोचवता येत नाही. तरीही आज मला धुराविषयीच बोलायचं आहे, कारण या एका गोष्टीपायी आपल्याकडच्या माणसांचे बरेच पैसे विनाकारण जातात. गाडीचं ऑइल बदललं, गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून धूर काढू लागली, ही तक्रार घेऊन अमळनेरात माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येतं. माझा जन्म मोटार दुरुस्ती करण्यात आणि पोरांना ती शिकवण्यात गेला, त्यामुळे लोकांना वाटतं, हा माणूस धूर बघून इंजिनाची कुंडली सांगेल. दसऱ्याच्या आसपास ही गर्दी जास्त असते. सणाला गाडी धुवायची, ऑइल बदलायचं, झेंडूची माळ घालून पूजा करायची, ही आपली रीत. माळ सुकायच्या आत धूर सुरू झाला, की घरातल्या मोठ्यांना अपशकुन वाटतो आणि मिस्त्रीला इंजिनकाम दिसतं.

एक प्रसंग सांगतो. २००७ सालचा मे महिना. आमच्या कॉलनीत एक निवृत्त शिक्षक राहायचे, सगळे त्यांना सरच म्हणत. त्यांच्याकडे आठशे सीसीची छोटी पेट्रोल गाडी होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. पुतणीच्या साखरपुड्याला धुळ्याला जायचं म्हणून त्यांनी आदल्या दिवशी ऑइल बदलून घेतलं. सकाळी नऊच्या सुमारास त्यांचा फोन आला, "भाऊ, गाडीमागे नुसता निळा लोट आहे. मागचा मोटारसायकलवाला शिव्या देऊन गेला. मी रस्त्याच्या कडेला थांबलोय."

मी स्कूटर काढून पोचलो तेव्हा सर उन्हात उभे आणि काकू निंबाखाली आहेराची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. तोवर एका जाणत्या वाटसरूने निकाल देऊन टाकला होता : रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल, पंचवीस हजार धरून चाला. सरांची पेन्शन किती ते मला ठाऊक होतं. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

मी तीनच प्रश्न विचारले. परवापर्यंत गाडी धूर काढत होती का? नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मधे कधी वरून ऑइल टाकावं लागलं? कधीच नाही. चढावर ओढ कमी पडत होती? नाही. म्हटलं, "सर, मग रिंगा एका रात्रीत जात नाहीत."

रिंगा म्हणजे पिस्टनभोवती बसवलेली लोखंडी कडी. साधारणपणे प्रत्येक पिस्टनला तीन असतात. वरच्या दोन जळत्या वायूचा दाब अडवतात आणि खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा तेल खरवडून परत खाली पाठवते. ही कडी झिजतात हे खरं, पण हळूहळू, हजारो किलोमीटर चालून. झिजताना सूचनाही देतात. आधी ऑइल थोडं थोडं कमी होतं, मग रेस दिल्यावर मागे निळसर झाक दिसते, मग ओढ कमी होते. काल ठणठणीत असलेलं इंजिन आज रिंगा गेल्यासारखं धूर काढतं, तेव्हा संशय आधी कालच्या कामावर घ्यायचा. काल काय काय उघडलं, काय काय ओतलं, कुठे कुठे हात लागला, हे आधी तपासायचं. इंजिन खोलणं हा शेवटचा उपाय. पण आपल्याकडे तोच पहिला सुचतो.

बॉनेट उघडून मी ऑइलची पट्टी बाहेर काढली. या पट्टीवर दोन खुणा असतात, वरची आणि खालची, आणि तेल त्या दोहोंच्या मधे असावं लागतं. सरांच्या गाडीत ते वरच्या खुणेच्याही कितीतरी वर, पट्टीच्या मधोमध आलेलं. म्हणजे तेल जास्त झालं हे उघड होतं. पण मला खटकली ती दुसरीच गोष्ट. तेल काळं होतं. पेट्रोल गाडीत काल टाकलेलं नवं तेल आज असं डांबरासारखं दिसत नाही. (डिझेल गाडीत दिसतं. तिथे काजळी इतकी असते की नवं तेलही पहिल्या काही फेऱ्यांतच काळं पडतं, त्याची चिंता करू नये.)

मी सरांना विचारलं, "काल खाली काढलेलं तेल तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं ना. समोरच उभा होतो. मधासारखं होतं अगदी. तो मुलगा म्हणालाही, काका, तुमचं तेल अजून चांगलंच होतं."

तिथेच उलगडा झाला. इंजिनातलं सहा महिने वापरलेलं तेल मधासारखं राहत नाही. मधासारखं राहतं ते गिअरबॉक्सचं. या छोट्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी आडवे बसवलेले असतात आणि खालून तेल काढायचा नट दोघांनाही असतो. कामावर नव्या लागलेल्या त्या पोराने चुकून गिअरबॉक्सचा नट खोलला, तिथलं तेल सोडून दिलं आणि नवं तीन लिटर ऑइल मात्र इंजिनात ओतलं. जुनं आत होतंच. इंजिनात दुप्पट तेल आणि गिअरबॉक्स कोरडा! धूर इंजिनाकडून येत होता, पण खरं संकट गिअरबॉक्सवर होतं, आणि तो मुकाट्याने मरत होता. सरांना विचारलं, तर म्हणाले, "हो, गिअर टाकला की आज जरा घुमल्यासारखा आवाज येत होता खरा. मला वाटलं रस्त्याचा असेल."

गाडी पुढची चाकं उचलून ओढून आणली. चाकं जमिनीवर ठेवून ओढली असती, तर कोरडे गिअर आणखी फिरत राहिले असते. ओळखीच्या गॅरेजात इंजिनाचा नट खोलल्यावर जवळजवळ सहा लिटर तेल निघालं. गिअरबॉक्सच्या नटातून चार थेंब पडले. दारात हात पुसत उभा असलेला तिथला म्हातारा फिटर अहिराणीत एवढंच विचारत होता, "तेल कितलं टाकेल शे?" सगळ्या निदानातला पहिला प्रश्न हाच आहे.

आता तेल जास्त झालं तर धूर का यावा, ते समजून घेऊ. माणसाला वाटतं, तेल म्हणजे इंजिनाचं खाणं, दोन घास जास्त गेले तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. इंजिनाच्या तळाशी चेंबर असतं, त्यात तेल साठतं. त्याच्या थोडं वर क्रँकशाफ्ट फिरत असतो, मिनिटाला तीन हजार फेरे म्हटले तरी सेकंदाला पन्नास. तेल ठरल्या पातळीवर असेल तर शाफ्ट मोकळ्या हवेत फिरतो. पातळी वाढली की त्याचे बाक तेलात बुडू लागतात आणि डेऱ्यात रवी फिरावी तसं तेल घुसळलं जातं. त्याला फेस येतो. पंप तेलाऐवजी फेस ओढू लागतो, त्यामुळे तेल जास्त असूनही बेअरिंगला ते कमी पडतं. सिलिंडरच्या भिंतींवर इतकं तेल उडतं की खालची रिंग खरवडून खरवडून थकते, आणि उरलेलं तेल पेट्रोलबरोबर जळतं.

आणखी एक वाट आहे. चेंबरमधला कोंडलेला वायू बाहेर पडावा म्हणून एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. पूर्वी ती खाली हवेत सोडलेली असे. प्रदूषणाचे नियम आल्यावर तिचं तोंड इंजिनाच्या हवा घेण्याच्या वाटेला जोडलं गेलं. म्हणजे चेंबरमध्ये फेस झाला की तो याच नळीतून एअर फिल्टरकडे जातो आणि इंजिन आपलंच तेल श्वासाबरोबर ओढून जाळतं. एअर फिल्टरचा डबा उघडून आत तेलाचा ओलावा दिसला की संशय पक्का.

सरांच्या गाडीचा एअर फिल्टर पिळता येईल इतका भिजला होता. तो बदलला, प्लग साफ केले, दोन्हीकडे मोजून योग्य ते तेल भरलं. गाडी सुरू केली, तर धूर तसाच! सर माझ्याकडे बघायला लागले. या वेळी माणूस घाबरतो आणि पुन्हा त्या पंचवीस हजारांच्या वाटेला लागतो, म्हणून हे लक्षात ठेवा : पातळी बरोबर केली की धूर लगेच थांबत नाही. हवेच्या वाटेत आणि सायलेन्सरमध्ये जे तेल जाऊन बसलंय ते तापून जळून जायला वेळ लागतो. दिवसागणिक धूर कमी होत गेला पाहिजे, एवढंच बघायचं. सरांच्या गाडीचा तिसऱ्या दिवशी थांबला. गिअरबॉक्स मात्र पूर्णपणे पहिल्यासारखा झाला नाही. तिसऱ्या गिअरला एक बारीक गुणगुण कायमची राहिली. सर गंमतीने म्हणायचे, गाडी आता गाणं म्हणते.

आता धुराच्या रंगाकडे येऊ. निळा धूर तेलाचा, पांढरा पाण्याचा आणि काळा इंधनाचा, असं एक सोपं सूत्र गॅरेजात शिकवतात. ते बहुतेक खरं आहे, पण रंग असा का, हे कोणी सांगत नाही. कढईत तेल जास्त तापलं की जो निळसर धूर उठतो तो आठवा. तोच हा. धुरात तेलाचे अतिशय बारीक थेंब तरंगत असतात, इतके बारीक की प्रकाशातला निळा भाग ते जास्त विखुरतात. वाफेचे थेंब त्यांच्यापेक्षा मोठे असतात, ते सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून वाफ पांढरी. काजळी प्रकाश गिळते, म्हणून काळी. यातून एक कामाची युक्ती निघते. निळा धूर उजेडासमोर धरून बघितला तर तपकिरी किंवा मळकट पांढरा वाटतो आणि फसगत होते. गाडी अशी उभी करा की धुरामागे काळोखी पार्श्वभूमी येईल, एखादं दाट झाड किंवा सावलीतली भिंत. मग निळा रंग लपत नाही. वासही घ्या, पण लांबून. तेलाच्या धुराला फोडणी करपल्यासारखा झोंबरा वास असतो.

पांढऱ्या धुराने उगाच घाबरणारी माणसं हिवाळ्यात येतात. डिसेंबर-जानेवारीत खान्देशात पहाटेची थंडी चांगलीच पडते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं, आणि गार सायलेन्सरमध्ये ते थिजून पांढरं दिसतं, थेंब थेंब गळतंही. पाच-दहा मिनिटांत गाडी तापली की नाहीसं होतं. हा आजार नाही. मात्र दुपारच्या उन्हात, तापलेल्या इंजिनातून दाट पांढरा लोट येत राहिला, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि वास गोडसर असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. हेड गॅस्केट गेलं असेल. ऑइल भरायच्या झाकणाखाली ताकाच्या लोण्यासारखा चिकटा दिसला तरी तीच शंका घ्यावी. तेव्हा गाडी चालवत नेऊ नका.

काळ्या धुराचा ऑइलशी सहसा संबंध नसतो. पण सर्व्हिसिंगनंतर अचानक सुरू झाला असेल, तर एअर फिल्टर नीट बसवलाय का, हवेच्या नळीची पट्टी सैल राहिली का, एखाद्या सेन्सरची वायर निघाली का, एवढं आधी बघावं.

आणि धूर मागून येतोय की बॉनेटखालून, हे तर सगळ्यांत आधी पाहायला हवं. वाचून हसू येईल, पण घाबरलेला माणूस हे बघत नाही. ऑइल ओतताना किंवा फिल्टर काढताना चार चमचे तेल गरम एक्झॉस्टवर सांडतं आणि गाडी तापली की ते जळतं. वाईट वास येतो, बॉनेटच्या फटीतून धूर दिसतो, एक-दोन फेऱ्यांत संपतं. संपलं नाही, तर मात्र गाडीखाली वाकून बघा. फिल्टरला रबराची एक गोल रिंग असते. जुना फिल्टर काढताना कधीकधी ती इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर त्याच्या रिंगेसकट बसवला जातो. दोन रबरं एकावर एक घट्ट राहत नाहीत. गाडी उभी असताना गळत नाही, पण वेगात दाब वाढला की धार लागते, तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते, आणि चेंबर रिकामं झालं तर इंजिन जाम होतं. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की पुढच्या गावापर्यंत जाऊ असं म्हणू नका, तिथेच इंजिन बंद करा.

तेल मोजायची रीतही सांगून ठेवतो, कारण पट्टी काढली आणि बघितली इतकं ते सरळ नाही. गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन बंद करून दहा मिनिटं जाऊ द्यावीत, म्हणजे वरचं तेल खाली उतरतं. पट्टी काढून स्वच्छ पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, मग काढून वाचायची. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. वरच्या खुणेच्या केसभर वर असेल तर झोप उडवून घेऊ नका. बोटभर वर असेल तर जादा तेल काढायलाच हवं. जादा तेल येतं कसं? बहुतेकदा डब्यातून. डबा साडेतीन लिटरचा, इंजिनाला लागतं तीन, आणि "पैसे दिलेत तर टाक सगळं" असं सांगणारे मालक मी पाहिलेत. अर्धा लिटर घरी आणून ठेवायला कमीपणा कसला?

माप बरोबर आहे आणि तरी धूर आहे, असंही होतं. तेव्हा तेलाची जात बघायची. डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर ते किती दाट राहतं ते. आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून तेल जाड हवं, असा एक समज आहे. पण थर्मोस्टॅट चालू असलेलं इंजिन तापल्यावर आतून साधारण तेवढंच गरम राहतं, बाहेर अमळनेरचा मे असो की काश्मीरचा. गाडीच्या पुस्तकात जो आकडा दिलाय तो त्या इंजिनाच्या फटी मोजून दिलेला असतो. जुन्या, झिजलेल्या इंजिनात फार पातळ तेल गेलं तर ते रिंगांजवळून आणि व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपतं आणि जळतं. हाच गुण उलटा वापरणारेही आहेत. जुनी गाडी विकताना मुद्दाम जाड तेल किंवा दाट औषध टाकून धूर दाबतात. घेणारा हौसेने पहिलं ऑइल बदलतो, पुस्तकातलंच टाकतो, आणि दाबलेला धूर बाहेर येतो. इथे ऑइल बदलणाऱ्याचा काही दोष नसतो, खरा आजार फक्त उघडा पडलेला असतो. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळा भपका येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हची सील. रेस दिली की सतत येत असेल, तर रिंगा. जुनी गाडी घेणाऱ्याने थंड इंजिन स्वतः सुरू करून बघावं. मालकाने आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवली तर दुसऱ्या दिवशी पहाटे जावं.

डिझेलवाल्यांना एक वेगळी सूचना. पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालतं, किल्ली बंद केली की थांबतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. तेल फार जास्त भरलं आणि ते हवेबरोबर आत शिरू लागलं, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच चालू लागतं. किल्ली काढून घेतली तरी थांबत नाही, रेस आपोआप चढत जाते, पांढऱ्या-निळ्या धुराचा डोंगर उठतो. अशा वेळी गिअरची गाडी असेल, तर सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. ते जमलं नाही तर सगळ्यांनी लांब व्हायचं. हवेच्या नळीवर हात ठेवून बंद करायला जाऊ नये, ओढ फार जोराची असते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी आली. ती भरली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून तिच्यातली काजळी जाळते. रोज दोन-तीन किलोमीटरचीच फेरी असेल, तर हे जळणं अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून या गाड्यांत न टाकताही ऑइलची पातळी वाढलेली दिसते. पट्टीला डिझेलचा वास आला तर ऑइल बदलावं. आणि या गाड्यांना कमी राख होणारंच ऑइल लागतं. चुकीच्या तेलाची राख गाळणीत बसली की ती जळून जात नाही. पेट्रोल गाडीतही सतत तेल जळत राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, आणि तो स्वस्त नसतो.

इतकं सगळं शहाणपण सांगणारा मी स्वतः चुकलो नाही, असं नाही. सरांच्या आधीची, १९९८ सालची गोष्ट आहे. बोरीकाठच्या एका गावचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. वडील आजारी म्हणून चार महिने ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. मृग तोंडावर आला, तसं त्याने स्वतः ऑइल बदललं आणि सुरू करताच निळा धूर. पट्टी मी पाहिली, पातळी बरोबर होती. तेल योग्य होतं. ट्रॅक्टर जुना होता, त्यामुळे मी फार विचार न करता सांगितलं, रिंगा. इंजिन खोललं. सिलिंडर मोजले, तर झीज नावाला. पिस्टन, रिंगा सगळं अजून दोन हंगाम चाललं असतं. पण खोललंच होतं, म्हणून नव्या रिंगा टाकल्या, पुन्हा जोडलं आणि सुरू केलं. धूर तसाच!

तेव्हा कुठे मला ब्रीदरची नळी आठवली. काढून आपटली, तर आतून वाळलेल्या मातीचा गोळा पडला. उभ्या ट्रॅक्टरच्या नळीत कुंभारमाशीने घर केलं होतं. चेंबरमधला वायू बाहेर जायला वाट नव्हती, तो आतल्या आत कोंडून तेलाला सिलिंडरकडे रेटत होता. नळी तारेने साफ केली, दुसऱ्या दिवशी धूर गेला. फुकटचं काम होतं ते. त्या माणसाचे रिंगांचे, गॅस्केटचे आणि खोलजोडीचे पैसे गेले, ते मी मजुरी न घेऊन थोडे भरून काढले. पण पाऊस वेळेवर पडला होता आणि त्याचे आठ दिवस माझ्या गॅरेजात गेले होते. शेजाऱ्यांच्या शेतात कपाशी उगवून वर आली, तेव्हा त्याची पेरणी चालू होती. ते दिवस त्याला कुठून परत देणार?

तो मला काही बोलला नाही. पुढे दरवर्षी ऑइल बदलायला माझ्याकडेच यायचा. त्याने त्या नळीच्या तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी कापून तारेने बांधून टाकली होती. मी खोललेलं इंजिन मग बरीच वर्षं चाललं.